पत्र्याखालचं नाव

नांदेडच्या इतवाऱ्यात तय्यब रेडिओचा पत्ता विचारला तर लोक आधी हसतात, मग "उद्या जा" म्हणतात आणि मग रस्ता दाखवतात. त्या हसण्याचा मला मनस्वी संताप यायचा. माझे अब्बा हाताचे इतके पक्के की हैदराबादहून लोक जुने सेट घेऊन येतात, पण एक काम वेळेवर देतील तर शपथ. सेट दुरुस्त होऊन आठ-आठ दिवस फळीवर पडलेला, गिऱ्हाईक दारात उभं, आणि अब्बा म्हणणार, "झाला न्हाई. उद्या या." शिव्या मी खायच्या, कारण दुकानाच्या तोंडाशी मी बसते.

मी हुस्ना. मला देगलूरला दिली होती. सात वर्षं तिथला जाच काढला आणि एक दिवस पाच वर्षांच्या पोरीचं बोट धरून निघून आले. लोक म्हणतात नवऱ्यानं टाकली. त्यानं टाकली नाही, मी सोडलं त्याला, आणि विचारणाऱ्याला मी हे तोंडावर सांगते. मी आले तेव्हा काचबिंदूनं अब्बांची नजर चाललीच होती. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. ते स्टुलावर बसून बोटांनी तपासतात, मी सोल्डर करते. आमच्यात आम्ही दखनी बोलतो. इथं मराठीत लिहिते आहे, त्यामुळे अब्बांच्या बोलण्याची चव थोडी उतरेल, त्याला इलाज नाही.

२००९ च्या जूनमध्ये दुकानासमोर एक पांढरी गाडी थांबली. मागच्या सीटवर शाल पांघरून, पट्टा बांधून काहीतरी बसवलं होतं. मला वाटलं कुणी म्हातारं माणूस आहे. शाल निघाली तर आत ब्रॅडवेल. पन्नास वर्षांपूर्वीचा विलायती स्टिरिओ अॅम्प्लिफायर, व्हॉल्व्हचा. ट्रान्झिस्टर यायच्या आधी सेटमध्ये ते काचेचे दिवे असायचे. ते तापून नारिंगी झाले की मग आवाज यायचा. आता असे सेट हौशी लोक शोधत फिरतात.

गाडीतून उतरले ते लातूरचे सिद्धेश्वर सर. त्यांचे अकरावी-बारावीचे क्लास आहेत. लोह्यापासून लातूरपर्यंत त्यांचा फोटो नसलेला खांब सापडायचा नाही. माझी कहकशां दहावीला ब्याण्णव टक्के घेऊन त्यांच्या डॉक्टरकीच्या खास बॅचची परीक्षा देऊन आली होती, आणि चार मार्कांनी यादीबाहेर राहिली होती. आठ दिवस पोर धड जेवली नव्हती. म्हणून मी उठले, माझ्या ओढणीनं खुर्ची पुसली आणि सरांपुढे ठेवली. त्या खुर्ची पुसण्याची मला आजही लाज वाटते.

"चाचा, याच्या आत तुमच्या दुकानाचं लेबल आहे," सर म्हणाले. "म्हणून शोधत आलो. माझ्या वडिलांचा सेट आहे. कैलासवासी पंढरीराव."

त्यांनी माझ्या हातात एक चकचकीत पत्रक दिलं. नव्या पाच मजली इमारतीचं उद्घाटन अठ्ठावीस जूनला होतं. पत्रकावर ब्रॅडवेलचा मोठा फोटो, आणि खाली मजकूर. अब्बांसाठी मी तो मोठ्यानं वाचला. "भूकंपात होते नव्हते ते गेले. ढिगाऱ्यातून आम्ही हा एक सेट घेऊन बाहेर पडलो. याच दिव्यांच्या उजेडात सरांना फिजिक्सची गोडी लागली." इमारतीत शिरल्याबरोबर समोर काचेच्या कपाटात हा सेट ठेवायचा, खाली वडिलांच्या नावाची पितळी पाटी लावायची, असं ठरलं होतं.

"तुमचं गाव कोणतं, सर?" अब्बांनी विचारलं.

"आम्ही लातूरचेच. पण भूकंपात मलबा उचलायला आमच्या गाड्या होत्या ना तिकडं. वडिलांनी लई सेवा केली. सहा महिने आमच्या गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मलाही तेव्हा कळलं नाही, कारण माझं सगळं लक्ष यादीतल्या चार मार्कांवर होतं.

सरांना तीन गोष्टी हव्या होत्या. सेट वाजला पाहिजे. अब्बांनी सही करून चिठ्ठी द्यायची, की हा ब्रॅडवेलचा पहिल्या मॉडेलचा, कुणी हात न लावलेला सेट आहे आणि पंढरीरावांसाठी तो मीच सांभाळत होतो. आणि तिसरं, उद्घाटनाला स्टेजवर येऊन बटण दाबायचं. "टोपी घालूनच या चाचा," ते म्हणाले. "लई छान दिसेल."

पहिलं मॉडेल आणि दुसरं मॉडेल ही भानगड त्यांनी इंटरनेटवरून वाचून आणली होती, कागदही छापून आणले होते. वाचलेलं खोटं नव्हतं. ब्रॅडवेलच्या पहिल्या मॉडेलला मागच्या बाजूला रेक्टिफायरचा, म्हणजे घरातली वीज सेटच्या कामाची करून देणारा, मोठा व्हॉल्व्ह असतो. दुसऱ्या मॉडेलला कंपनीनं तो काढून आत दोन डायोड टाकले. डायोड म्हणजे शेंगदाण्याएवढी वस्तू. बाहेरून दोन्ही सेट सारखेच दिसतात, म्हणून लोक मागचा व्हॉल्व्ह बघतात आणि पहिलं मॉडेल म्हणून मोकळे होतात. हौशी लोकांत पहिल्याला मान आहे. "हा बघा व्हॉल्व्ह," सर बोट दाखवून म्हणाले, जणू वर्गात शिकवत होते.

अब्बांनी सेट जवळ ओढला. आधी ट्रान्सफॉर्मरच्या टोपणाचे कोपरे चाचपले. मग रेक्टिफायरचा व्हॉल्व्ह हलवून काढला, तो जिथं बसतो त्या भोकाच्या कडेवरून करंगळी फिरवली, आणि एका जागी करंगळी थांबली. मग सेट कलता करून खालून हात घातला. तो लवकर बाहेर काढलाच नाही. मला वाटलं, जुना माल हातात आल्याचा आनंद झाला असेल.

"ठेवून जा, सर," ते म्हणाले.

सर निघाले तेव्हा मला राहवलं नाही. कहकशांचं नाव, तिचे मार्क, यादी, सगळं मी एका दमात सांगून टाकलं. सरांनी खांदे उडवले. "चार मार्क ना? ते काय, माझ्याच हातातले आहेत. चाचांची चिठ्ठी तयार ठेवा, अॅडमिशनचा फॉर्म मीच घेऊन येतो. हॉस्टेलसकट."

गाडी वळून गेली. मी आनंदानं अब्बांकडे वळले तर ते सेटवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

"हुस्ना, हा ग्यानोबा गुरुजींचा सेट हाय."

ग्यानोबा गुरुजींना मी लग्नाआधी पाहिलं होतं. तेरणेच्या काठच्या देववाडीचे ते शाळामास्तर. सासुरवाडी लोह्याला, म्हणून नांदेडला येणं व्हायचं. निजामाच्या राज्यात शिकलेले, त्यामुळे उर्दू असं वाचायचे की आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना जमायचं नाही. दुकानात बसून अब्बांना पेपर वाचून दाखवायचे आणि मधेच बातमीला शिव्या द्यायचे. गाण्याचं वेड होतं. हैदराबादच्या जुन्या बाजारातून कुण्या नवाबाच्या घरातला ब्रॅडवेल त्यांनी उचलून आणला होता. शाळेच्या खोलीत दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर लावायचे, आणि तबला कोणत्या कोपऱ्यातून येतो यावर पोरांची भांडणं लावून द्यायचे.

"कशावरून?" मी विचारलं. "एकाच मॉडेलचे शेकडो सेट असतील."

"पहिल्या मॉडेलच्या टोपणाचे कोपरे चौकोनी असतात. याचे गोल हायेत. हा दुसऱ्या मॉडेलचा सेट हाय." अब्बांनी माझं बोट धरून त्या भोकाच्या कडेवर टेकवलं. "आता हे बघ. कंपनीचं भोक गोल गुळगुळीत असतं. हे एका बाजूला चपटं हाय. कानस निसटली होती माझी. हे भोक मी पाडलंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. देववाडीत वीज दिवसातून दहा वेळा जायची आणि दहा वेळा यायची. डायोडचा सेट वीज आली की एकदम पूर्ण दाब देतो, व्हॉल्व्ह तापायच्या आधीच. गुरुजींच्या सेटचे कंडेन्सर असे दोनदा फुटले. रेक्टिफायरचा व्हॉल्व्ह मात्र सावकाश तापतो आणि सावकाश दाब चढवतो. म्हणून अब्बांनी डायोड काढले, पत्र्याला भोक पाडलं, आणि दुसऱ्या मॉडेलला पहिल्याचा व्हॉल्व्ह बसवला. त्या व्हॉल्व्हला लागणारे पाच व्होल्ट मूळ ट्रान्सफॉर्मर देत नव्हता, म्हणून खाली एक छोटा वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवला आणि त्यावर बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून झाकण केलं. असा ब्रॅडवेल विलायतेत झाला नाही. असा एकच झाला, इतवाऱ्यात.

मी म्हटलं, असेल. गुरुजी भूकंपात गेले. अल्ला त्यांना जन्नत देवो. पण सेट आज ज्याच्याकडे आहे त्याचा.

"त्या दिवशी बुधवार होता," अब्बा म्हणाले. मी काय बोलले ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. "त्र्याण्णवचं विसर्जन. गुरुजी पहिल्या गाडीनं आला. काम अर्ध्यावर होतं. मी म्हणलो, उद्या या. तर म्हणला, तय्यबभाई, पोरं वाट बघून राहिली, संध्याकाळी सेट वाजला पायजे. सेट घेतल्याबिगर तो कधी परत जायचा न्हाई, इथंच फळीखाली झोपायचा. मला त्याची दया आली. चहाला सुद्धा उठलो न्हाई. बाराच्या आत सेट त्याच्या हातात दिला. माझी पाठ थोपटली त्यानं. म्हणला, आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर दिलंस."

पुढचं सांगायची गरज नव्हती. बुधवारी संध्याकाळी देववाडीत विसर्जन झालं आणि गुरुवारच्या पहाटे देववाडी राहिली नाही.

"एक दिवस उशीर केला असता तर तो इथं फळीखाली झोपला असता," अब्बा म्हणाले. "त्याच्यानंतर कुणाला वेळेवर काम द्यायला हात होत न्हाई माझा."

सोळा वर्षं. त्यातली अकरा वर्षं मी त्या दोन शब्दांपायी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि कारण मला आज कळत होतं. त्या वेळी मी देगलूरला माझ्या नरकात होते, मला कोण सांगणार. मला रडू यायला हवं होतं, पण मला राग आला. गुरुजींचा आला, अब्बांचा आला, त्या पांढऱ्या गाडीचा आला.

"आणखी एक हाय," अब्बा म्हणाले. "वर्षभरानं त्याची पोरगी आली होती. सिंधु. बारावीच्या अभ्यासाला लातूरला खोली करून होती म्हणून वाचली. घरातलं कुणी उरलं न्हाई. दारात उभी राहून विचारून राहिली, चाचा, बाबांचा सेट तुमच्याकडं दुरुस्तीला राहिलाय का? ढिगाऱ्यात सापडला न्हाई. मला सांगावं लागलं, बेटा, मी तो वेळेवर दिला."

"ती कुठं असते आता?"

"लातूरलाच. क्लासच्या पोरींना जेवू घालते, मेस हाय तिची. पत्ता माझ्याकडं हाय." मग ते हळूच म्हणाले, "त्या माणसाला चिठ्ठी कशी देऊ, हुस्ना?"

मी फाडफाड बोलले. म्हटलं, मेलेल्याला पाटीवर कुणाचं नाव आहे ते दिसत नाही, माझी पोर जिवंत आहे आणि उपाशी झोपते. म्हटलं, तुम्ही एका माणसाला सेट वेळेवर दिलात म्हणून सोळा वर्षं गिऱ्हाइकं पळवलीत, आता नातीचं आयुष्यही त्याच खड्ड्यात घालणार का? शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला इतका माझा आवाज चढला होता.

ते चुकत असावेत अशी माझी अजून आशा होती. सेट उलटा केला आणि बिस्किटाच्या डब्याचं झाकण उघडलं.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. काम झालं की झाकण लावायच्या आधी ज्याची वस्तू त्याच्याच हातानं आत पेन्सिलीनं नाव लिहून घ्यायचं. अब्बांच्या उस्तादांपासून चालत आलं आहे. लेबल कुणीही काढतं, बाहेरचं नाव कुणीही खरवडतं, पण झाकणाच्या आत कुणी बघत नाही. पत्र्याच्या आतल्या बाजूला उर्दूत, मास्तराच्या देखण्या अक्षरात दोन ओळी होत्या. "ग्यानोबा, देववाडी. गणपती १९९३. हा सेट सिंधुच्या लग्नात वाजवायचा."

मी वाचलं. अब्बांना वाचून दाखवलं. आणि झाकण परत लावून टाकलं.

हो, मी लावून टाकलं. खरं सांगायचं तर सगळंच सांगते. मी दोन नवे कंडेन्सर घातले, सेट वाजता केला, आणि दुकानाच्या कागदावर सरांना हवी तशी चिठ्ठी लिहिली. पहिलं मॉडेल. पंढरीराव. अब्बांनी हात पुढे केला, मी त्यांचं बोट ओळीवर टेकवलं आणि त्यांनी सही केली. "तुझ्या पोरीचं नुकसान माझ्या हातून नको," एवढंच म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

आठवड्यानं सर आले. हातात फॉर्म, वर पिवळ्या शाईचा शिक्का, कहकशांचं नाव टाईप केलेलं. फॉर्म मी घेतला. चिठ्ठी गल्ल्याखाली ठेवलेली होती. ती काढून दिली की विषय मिटत होता. पण माझ्या मनात आलं, एकदा याला दाखवून तर बघू. थोडी लाज वाटली त्याला, नुसती मान खाली घातली, तरी मला चिठ्ठी देताना बरं वाटेल. माझी अपेक्षा एवढीच होती.

मी झाकण उघडलं आणि म्हणाले, "सर, आत नाव आहे. ग्यानोबा, देववाडी असं. हा सेट सिंधुच्या लग्नात वाजवायचा, असं लिहिलंय. सिंधु त्यांची मुलगी. लातूरलाच असते."

सरांनी पत्रा हातात घेतला, उजेडाकडे धरला. "हे होय," ते म्हणाले. "मी बघितलं होतं. मला वाटलं मेकॅनिकचं काहीतरी असेल." त्यांनी शर्टाच्या खिशातून खोडरबर काढला. शिकवणाऱ्या माणसाच्या खिशात असतो तसा, एका कडेनं झिजलेला. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "खोडून टाका, ताई. कुणाला वाचता येतंय आता."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती नव्हती. फळ्यावरचं गणित पुसायला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. ढिगाऱ्यातून माणसाचा सेट उचलला, त्याचा बाप बदलला, त्याचा भूकंप स्वतःचा म्हणून छापला, आणि आता दोन ओळींचं नावही माझ्याच हातानं पुसायचं. त्यांच्या आजोबाला ती अक्षरं वाचता आली असती. याच मातीतल्या शाळेत शिकले असतील ते. नातवानं ती कुणाकडून वाचून घ्यायचेही कष्ट घेतले नव्हते.

हातात फॉर्म होता. अब्बा स्टुलावर होते, त्यांची मान माझ्याकडे वळलेली होती.

"खोडते," मी म्हणाले. "चिठ्ठीवर सहीपण राहिलीय. उद्या या."

ते शब्द माझ्या तोंडून कधी निघतील असं मला वाटलं नव्हतं. सर चिडले, घड्याळ बघितलं, मग फॉर्म ठेवून निघून गेले. गाडी वळल्यावर मी गल्ल्याखालची चिठ्ठी काढली आणि तिचे तुकडे केले. अब्बांनी कागद फाटल्याचा आवाज ऐकला. दुआनंतर फिरवतात तसा त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी लातूरला निघाले. सेट मांडीवर, दोन छोटे स्पीकर आणि एक टेपरेकॉर्डर पोत्यात. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, माझ्या मांड्या बधिर झाल्या. प्रत्येक खांबावरून सर माझ्याकडे बघून हसत होते. लातूरच्या स्टँडवर अब्बांनी दिलेला मेसचा पत्ता विचारला तर रिक्षावाल्यानं लगेच सांगितलं.

सिंधु पोळपाटाशी बसली होती. पस्तिशीची बाई, हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. मी सेट समोर ठेवला, कोण ते सांगितलं. ती उठली नाही, हातही धुतला नाही.

"तुमच्याकडं राहिला होता का?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं. "वेळेवर दिला होता." आणि मग सर, पत्रक, काचेचं कपाट, सगळं सांगितलं. झाकण उघडून दोन ओळी वाचून दाखवल्या. तिला उर्दू येत नव्हतं. तिनं पिठाच्या बोटानं पत्र्याला हात लावला नाही, नुसतं अक्षरांजवळ बोट नेलं.

"लग्न राहिलंच," ती म्हणाली. मग पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "त्या माणसाच्या हॉस्टेलच्या चाळीस पोरी माझ्याकडं जेवतात. रोज त्याच्या भूकंपाची गोष्ट सांगतात मला. सरांनी काय काय सोसलं म्हणून रडतात. आणि मी त्यांना पोळ्या वाढते."

आम्ही सेट धान्याच्या कोठीवर ठेवला, दोन स्पीकर दोन कोपऱ्यांत. बटण दाबलं. रेक्टिफायर सावकाश तापला, मग चार व्हॉल्व्ह, आणि मग टेपवरची सनई खोलीभर झाली. पोरी जेवायला आल्या होत्या. एकीनं विचारलं, काकू, आज काय आहे? सिंधुनं तिच्या ताटात पोळी टाकली आणि सांगितलं, "माझ्या बापाचा सेट आहे. देववाडीचा. बस, सांगते."

त्यानंतर सर तीनदा आले. पहिल्यांदा अब्बांनी सांगितलं, "झाला न्हाई. उद्या या." दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा सरांनी पोलिसांचं नाव काढलं तेव्हा मी पुढे झाले. म्हटलं, बोलवा. सगळे मिळून लातूरला जाऊ, मेसमध्ये पोरींच्या समोर झाकण उघडू, आणि साहेबांना नाव वाचून दाखवू. ज्याचं नाव आत निघेल त्याचा सेट. सर वळले आणि गाडीत बसले. पोरींसमोर मेसमध्ये जायची हिंमत नाही, पण आशा सुटली नाही त्यांची, अजून आठवड्याला ड्रायव्हर पाठवतात. अठ्ठावीस जूनला कपाटात दुसराच कुठलातरी रेडिओ ठेवला म्हणे. पाटी तीच, गोष्ट तीच. खांबावर फोटोही आहेत. माझा राग काही उतरलेला नाही.

अब्बा मात्र बदलले. एका गिऱ्हाइकाचा रेडिओ त्याच दिवशी झाला, तर म्हणाले, घेऊन जा. गिऱ्हाईक विश्वास न बसून तसंच उभं राहिलं.

कहकशांचा फॉर्म मी तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. तिनं तो फाडला नाही. पुस्तकात घालून ठेवला आणि महिनाभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. नांदेडच्याच कॉलेजात नाव घातलं. तिचा राग बरोबर होता. तिची जागा मी घालवली होती, तिला न विचारता. त्याबद्दल मी तिच्याशी भांडले नाही, मला तोंडच नव्हतं.

परवा ती कॉलेजातून आली आणि दुकानाच्या पायरीवर पुस्तक उघडून बसली. अब्बा आत नमाज पढत होते, माझे हात सोल्डरमध्ये गुंतलेले. पांढरी गाडी आली. ड्रायव्हरनं काच खाली केली आणि विचारलं, "सरांचा सेट झाला का?"

मी मान वर करायच्या आधीच कहकशां बोलली. पुस्तकातून डोळे काढले नाहीत तिनं, पान उलटलं फक्त.

"न्हाई झाला," ती म्हणाली. "उद्या या."